पाच बार

पुंजाराम म्हणजे देवमाणूस, असं सगळं मखमलाबाद म्हणायचं. बायकोच्या चुकीनं दोन्ही डोळे गेले, उजव्या हाताची तीन बोटं गेली, पण दोन वर्षांत गड्यानं सिंधूला एका शब्दानं बोल लावला नाही. पाणवठ्यावर गेलं की बायका तिला हेच ऐकवायच्या. "नशीब काढलंस बाई. दुसरा असता तर पाठीची सालटी काढली असती." सिंधू घागर भरायची, डोक्यावर घ्यायची आणि निघायची. काढली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. सालटी आठ दिवसांत भरून येतात. हा चांगुलपणा मात्र भरूनही येत नव्हता आणि कोणाला दाखवताही येत नव्हता.

पुंजाराम विहिरी फोडायचा. आमच्याकडं दहा-बारा हात खाली गेलं की काळा पाषाण लागतो, त्याला कुदळ चालत नाही. खडकात पहारीनं भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची, वाती लावायच्या, पेटवायच्या आणि दोर धरून वर यायचं. वाती लांब-आखूड ठेवतात, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि वरच्या माणसाला मोजता येतात. जितकी भोकं तितके बार उडाले की मगच खाली उतरायचं. एक जरी कमी पडला, तरी त्या दिवशी विहिरीत कोणी पाय घालत नाही.

आणि बार मोजायचे ते सगळ्यांत आधी खाली उतरणाऱ्याच्या घरच्या माणसानं. परक्याच्या मोजणीवर जीव टाकायचा नाही, ही त्या लोकांची रीतच होती. कोणाचे बार आई मोजायची, कोणाचे भाऊ. पुंजारामचे सिंधू मोजायची. लग्न होऊन आल्यापासून चार वर्षं ती विहिरीच्या काठावर उभी राहून मोजत होती आणि एकदाही चुकली नव्हती. पोरीबाळी नदीवर धुणं धुताना गाणी म्हणत, तेव्हा ही उन्हात दगडावर उभी. पण तिला त्याचा अभिमान होता. हिनं हात वर केला की एवढा पुरुष दोराला लटकून निमूट खाली जायचा. गावात दुसऱ्या कुठल्या बायकोचं नवरा इतकं ऐकत होता?

पंचम जॉर्ज बादशहा वारला, त्याच्या दीड महिना आधीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी होती आणि सगळ्यांना काम उरकायची घाई होती. दुपारी पुंजारामनं काठावर येऊन सांगितलं, "पाच हायेत गं," आणि तो खाली गेला. त्याच्याबरोबर काम करणारे दोघे जोडीदार वर येऊन लांब बाभळीखाली विडी ओढत बसले. पुंजारामनं वाती पेटवल्या आणि तोही वर आला. वाती पेटवणारा कानांत कापसाचे बोळे घालतो, त्यामुळं त्याला स्वतःला मोजता येत नाही. तो मोजणाऱ्याच्या हाताकडं बघतो. सिंधूनं पाच मोजले आणि हात वर केला. पुंजाराम उतरला. त्याचे पाय तळाला लागले, तो फुटक्या दगडांचा राडा बाजूला करायला वाकला, आणि त्याच्या तोंडापुढं आणखी एक बार उडाला.

भोकं पाच. एक नंतर उडाला. म्हणजे आधी चारच उडाले होते आणि बाईनं पाच मोजले. एवढं गणित कोणालाही येतं. पुंजाराम नाशिकच्या सरकारी दवाखान्यात शुद्धीवर यायच्या आतच गावानं ते सोडवून ठेवलं होतं.

सिंधूला पाच आठवत होते. पहिल्याला बाभळीवरचे कावळे उडाले, दुसऱ्याला काठावरची माती ढासळली, तिसरा दबका निघाला. चौथा आणि पाचवा यांच्यामध्ये तिनं पदरानं तोंड पुसलं होतं. सुरुवातीला ती भांडायची, रडून सांगायची की पाचच होते. पण गाव एकीकडं आणि आपण एकटी एकीकडं असलो, की किती दिवस टिकाव धरणार? सहा महिन्यांनी तिला त्या तोंड पुसण्याचाच संशय यायला लागला. तेव्हाच घोटाळा झाला असेल. एक बार दोनदा धरला असेल. आणि मग ती भांडायची थांबली.

आता दोन वर्षं झाली होती. पुंजाराम दाराशी घोंगडीवर बसलेला असायचा. अंग पहिल्यासारखंच दणकट, आवाज पहिल्यासारखाच भरदार, आणि काम काही नाही. सिंधू उठली की तो विचारायचा, "कुठं निघालीस?"

"इथंच."

"इथंच म्हंजी कुठं?"

"गोठ्यात."

"गोठ्यात काहून?"

गोठ्यात माणूस काहून जातं? पण ती सांगायची, शेण काढायला. परत आली की पुन्हा, "आलीस का?" दिवसातून वीसदा, तीसदा. तिच्या पावलांवरून ती कुठवर गेली हे त्याला कळायचं, तरी तो विचारायचाच. कधीकधी ती उत्तर न देता नुसती उभी राहायची, श्वास रोखून, एवढ्यासाठी की जगात एक क्षण तरी आपण कुठं आहोत हे कोणाला ठाऊक नसावं. मग तो घाबऱ्या आवाजात हाका मारायचा आणि हिला स्वतःचीच लाज वाटायची.

सासू कुसाबाई वेगळ्या जातीची. ती कधी भांडली नाही. ती फक्त भाकरी थापताना म्हणायची, "मोजून थाप गं, पाच म्हनता चार करशील." शेळ्या आल्या की म्हणायची, "ऱ्हाऊ दे, म्या मोजते." रोज. बोलण्यात तेल घातल्यासारखं, वरवर एकही शब्द टोचणारा नाही. सिंधूला वाटायचं, सगळी शेणाची पाटी म्हातारीच्या डोक्यावर उपडी करून पळत सुटावं.

पण पळणार कुठं? ज्याचे डोळे आपल्या मोजणीनं गेले, त्याला टाकून? एकदा त्याला आंघोळ घालताना तिला एकदम रडू फुटलं होतं. पुंजारामनं चाचपडत तिच्या डोक्यावर तो दोन बोटांचा हात ठेवला. "जाऊ दे सिंधे. झालं ते झालं. म्या कव्हा बोललो का तुला?" आणि तिनं त्याच्या ओल्या पायांवर डोकं टेकलं होतं. त्या दिवशी तिला खरंच वाटलं, की असा नवरा सात जन्मांत मिळायचा नाही.

बुधवारी ती पेरूंची पाटी घेऊन नाशिकला गोदाकाठच्या बाजारात जायची. तेवढा एक दिवस तिचा होता. तिथं शेजारी गंगापूरचा सावळीराम वांगी घेऊन बसायचा. बायको वारून तीन वर्षं झालेला, दोन पोरी असलेला, बोलायला बेताचा. त्याच्यात विशेष असं काही नव्हतं. दात पुढं होते आणि गिऱ्हाईकापाशी त्याला घासाघीस जमायची नाही. पण तो तिची पाटी उतरवायला हात लावायचा आणि पेरू मोजताना तिच्याकडं बघत राहायचा नाही. "कुठं निघालीस" असं त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. सरळच सांगायचं तर सिंधूला त्याच्याबरोबर जायचं होतं. बुधवार संपवून गावाची वाट धरली, की पायांत मणामणाचे दगड बांधल्यासारखं व्हायचं.

तिचा भाऊ भिका तिला त्यासाठीच तीनदा येऊन भेटून गेला. त्यांच्या जातीत काडीमोड होती, पाट लावायला, म्हणजे दुसरं लग्न करायला, कोणाची ना नव्हती. पंचांपुढं नवरा-बायकोनं एका काडीची दोन टोकं धरायची आणि मोडायची. मग बाई मोकळी. सावळीराम तयार होता. "चोवीस वर्सांची हाईस तू," भिका म्हणाला. "जलमभर आंधळ्याची काठी व्हनार का?"

"माझ्या हातनं गेलेत डोळे त्याइचे, दादा."

"आन् तुझे कोनी काढून घेतलेत?"

तरी ती नाहीच म्हणाली. तिन्ही वेळा नाही म्हणाली आणि तिन्ही वेळा तो गेल्यावर जात्यावर बसून दातओठ खात दळत राहिली. जाता येत नाही म्हणून राग, आणि जावंसं वाटतं म्हणून राग. कोणावर काढावा तेच कळेना, म्हणून जोंधळ्यावर काढायची.

मग संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पुंजारामचा एक जुना जोडीदार भेटायला आला. गप्पा रंगल्या, जुन्या विहिरी निघाल्या. सिंधूनं वाटीत तिळाच्या वड्या आणून ठेवल्या. जोडीदार वाटीत बघून म्हणाला, "किती हायेत वहिनी, चार का पाच?" आणि मोठ्यानं हसला.

पुंजारामही हसला.

त्यानं बोल लावला नाही, चिडवलं नाही. मित्र हसला म्हणून हा हसला, सहज, पोट हलवून. पण सिंधूच्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षं ज्याचं ओझं ती पाठीवर घेऊन वाकली होती, ते त्याला हसण्यावारी नेण्याइतकं हलकं होतं? तर मग हिनं का वाहावं? ती तशीच बाहेर पडली. "कुठं निघालीस?" असं मागून आलं, तिनं ओ दिली नाही. दोन कोसांवर भावाचं गाव होतं. तिथं जाऊन म्हणाली, "दादा, पंच बसव."

पुढच्या रविवारी सकाळी खंडोबाच्या देवळापुढच्या पारावर पंच बसले. निम्मं गाव गोळा झालं होतं. असला तमाशा फुकट कोण सोडतो? पंचांत वडील गोटीरामबाबा, म्हातारे, कडक, पण न्यायाचे. पुंजारामला त्याच्या आईनं हात धरून आणलं होतं. त्याच्या डोक्याला नवा फेटा होता, आणि सिंधूची नजर त्या फेट्यावरच गेली. फेटा कोणी बांधून दिला असेल? रोज तीच बांधायची.

भिकानं मागणं मांडलं. गोटीरामबाबांनी पुंजारामला विचारलं, "तुझं काय म्हननं?"

पुंजाराम खाली मान घालून म्हणाला, "तिची मर्जी."

"बघा!" गर्दीतून एक बाई हळहळली. "आतासुदिक कसं बोलतोय बघा."

सिंधूनं कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आताही हाच मोठा. तेवढ्यात कुसाबाई पुढं झाली. आज तिच्या बोलण्यातलं तेल संपलं होतं. "तिची मर्जी कशी? माझ्या लेकाचे डोळे कोनी घालवले? जिच्या मोजनीनं आंधळा झाला, तिनंच त्याची काठी व्हावं. नायतर उद्या कोनीबी बाई नवऱ्याला खड्ड्यात ढकलील अन् काडी मोडून मोकळी व्हईल. लेक माझा भोळा हाय, बोलनार नाय. त्याला बेलभंडारा उचलू द्या. देवापुढं सांगू द्या कोनाची चूक. मंग द्या तुमचा न्याव."

पंच आपसांत कुजबुजले. मागणं वावगं नव्हतं. गोटीरामबाबांनी ठरवून सांगितलं: चूक बाईची ठरली तर काडीमोड नाही, तिनं नांदायचं. भिका ओरडायला लागला, त्याला खाली बसवलं. गुरवानं ताटलीत हळदीचा भंडारा आणि त्यावर बेलाचं पान आणून पुंजारामपुढं धरलं. ते उचलून खोटं बोललेला माणूस त्या गावात कोणी पाहिला नव्हता. बोलला असेल तर त्याचा वंश बुडाला असेल, अशीच सगळ्यांची समजूत.

सिंधू डोळे मिटून बसली. झालं, संपलं. उद्यापासून गोठा, "आलीस का," आणि मोजून थापायच्या भाकरी.

पुंजारामचा दोन बोटांचा हात ताटलीवर गेला. हळदीला लागला. आणि थांबला. मग त्यानं तो मागं घेतला.

"उचल की," कुसाबाई म्हणाली.

"सहा व्हते," पुंजाराम म्हणाला.

कोणाला काही कळलं नाही. गोटीरामबाबांनी विचारलं, "काय सहा?"

"बार. आदल्या दिशी एक भोक अर्धं ऱ्हायलं व्हतं. जोडीदार वर गेल्यावर दारू उरली, म्हनून त्यातबी ठासली. काम उरकायचं व्हतं. पाच हायेत असं हिला आधी सांगून बसलो व्हतो, सहाव्याचं सांगायचं डोक्यातनंच गेलं. हिनं हात वर केला आन् म्या उतरलो. चार वर्सांची सवय. हिचा हात वर गेला म्हंजी सगळे उडाले. हिनं बरोबर मोजले व्हते."

मग गोटीरामबाबांनी विचारलं, "आन् हे दोन वर्सं का नाय बोललास?"

"दवाखान्यात शुद्धीवर आलो तर ही पायाशी बसून रडत व्हती. पाचच व्हते म्हनत व्हती, आन् समदं गाव हिचीच चूक धरून बसलं व्हतं. म्या गप ऱ्हायलो. सांगितलं असतं तर गेली असती. आंधळ्यापाशी कोन ऱ्हातं?"

कुसाबाई लेकापासून दोन पावलं मागं सरली. आणि मग लोकांना वाचा फुटली. सिंधूला वाटलं, आता तरी कोणी आपल्याकडं बघेल, म्हणेल, बाई, दोन वर्षं तुला उगाच छळलं. पण लोक कसले खट! "भंडाऱ्यापुढं खरं बोलला!" कोणीतरी म्हणालं. "एवढ्या लोकांत आपली चूक सांगायला काळीज लागतं." पाणवठ्यावरच्या त्याच बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. घटकाभरात पुंजाराम पहिल्यापेक्षाही मोठा देवमाणूस झाला. खुद्द गोटीरामबाबा घसा खाकरून म्हणाले, "सिंधूबाई, तू मोकळी हाईस, पंचांची ना नाय. पन मानूस खरा निघाला. असा मानूस टाकताना इचार कर."

तेव्हा मात्र सिंधू उठली. डोक्यावरचा पदर सरकला, तो तिनं सावरला नाही.

"इचार? दोन वर्सं म्या दुसरं काय केलं? रोज रातच्याला पाच मोजत झोपले. तोंड पुसलं तव्हा चुकले का, कावळं बघितलं तव्हा चुकले का. ह्याच्या पायावर डोकं ठेवून माफी मागितली म्या, आन् ह्यानं दिली! दिली हो त्यानं माफी मला! डोक्यावर हात ठेवून!" तिचा आवाज चिरकला. "आज भंडारा आडवा आला म्हनून खरा निघाला. भंडारा नसता तर? मोडा काडी."

कोणी पुन्हा समजावलं नाही. गुरवानं कडब्यातली काडी काढून आणली. सिंधूनं एक टोक धरलं. दुसरं पुंजारामच्या हातात दिलं, पण त्याच्या त्या दोन बोटांत काडी ठरेना. दोनदा खाली पडली. डावा हात पुढं करायचं त्या गोंधळात कोणालाच सुचलं नाही. शेवटी तिनंच त्याची बोटं आपल्या हातात धरली, त्यांत काडी घातली आणि दाबून धरली. किती वेळा धरली होती ती बोटं तिनं, घास भरवताना, जखम धुताना. तिला वाटलं, आता आपला हात ढिला पडेल. मग तिनं काडी मोडली.

भिका गाडी जुंपायला पळाला. पण सिंधू निघेना. ती पुंजारामपुढं तशीच उभी राहिली.

"किती मोजले म्या?"

"पाच," तो म्हणाला.

"मोठ्यानं सांगा. समद्यांना ऐकू जाऊ द्या."

"पाच!" पुंजाराम विहिरीच्या तळातून ओरडायचा त्या आवाजात ओरडला. "पाच मोजले. बरोबर मोजले."

सिंधूनं एकेकाच्या तोंडाकडं बघून घेतलं. त्या हसलेल्या जोडीदाराच्या, पाणवठ्यावरच्या बायकांच्या, कुसाबाईच्या. कुसाबाईनं मान वळवली. त्या क्षणी तिला कळलं की सावळीराम, गंगापूर, मोकळं होणं हे सगळं नंतरचं. दोन वर्षं तिला एवढंच हवं होतं, आणि ते देणं या एका माणसाच्या हातात होतं. तिनं पदर सावरला आणि ती वळली.

"सिंधे," पुंजाराम मागून हळूच म्हणाला. आता तो लोकांसाठी बोलत नव्हता. "दवाखान्यातच सांगितलं असतं, तर ऱ्हायली असतीस का?"

ती थांबली. दवाखान्यातला तो पट्ट्या बांधलेला पुरुष तिला आठवला, आणि त्याच्या पायाशी बसलेली ती बावीस वर्षांची पोरगीही आठवली, जी त्याच्या एका हाकेसरशी उन्हात दगडावर उभी राहायची.

"व्हय," ती म्हणाली. "जलमभर ऱ्हायले असते."

ते खरं होतं, की त्याला मरेपर्यंत टोचत राहावं म्हणून ती बोलली, हे तिचं तिलाच कळलं नाही. शोधायला ती तिथं थांबलीही नाही.